परत घेतली की परत घातली?

मंडळी, हा विकांत खरं तर गॅलरीतल्या कुंड्यांची माती बदलण्यासाठी राखून ठेवला होता. पण शुक्रवारी संध्याकाळी हापिसात एक मेल आली आणि तिच्यातलं एक क्रियापद डोक्यात जे अडकलं ते काही निघेना. तेव्हा कुंड्या पुढच्या रविवारी. आज क्रियापद.

मेल तशी साधीच. करोनाच्या काळात आमच्या कंपनीनं हापिसात हजर राहण्याची अट उठवली होती. (नाव सांगत नाही, घराचे हप्ते फिटायचे आहेत अजून.) आता आठवड्यातले चार दिवस हापिसात यायचं, असं ठरलं. इंग्रजी मेलमध्ये शब्द होता 'रीइन्स्टेट'. टीम माझ्याकडे असल्यामुळे निरोप पुढे पोचवायचं काम माझं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे मराठीच आहेत, म्हणून मी आपलं सरळ टंकलं, "हापिसात येण्याचा जुना नियम एक तारखेपासून पुन्हा लागू झाला आहे. कृपया नोंद घ्यावी." आणि चहा प्यायला गेलो.

येतो तर टीममधल्या एका पोराचा फोन. हा सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावी राहून काम करतो. २०२२ च्या शेवटी आमच्याकडे लागला. घरी आई एकटी, तिची नजर अधू. म्हणाला, "सर, रागावू नका, पण एक विचारू का? 'पुन्हा' म्हणजे काय हो? मी आलो तेव्हा हा नियम नव्हताच. माझ्यावर तर तो पहिल्यांदाच येतोय. आणि लागू 'झाला' म्हणजे आपोआप झाला का? केला कोणी?"

तो भांडत नव्हता. खरंच विचारत होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. "बघतो" म्हणून फोन ठेवला. 'बघतो' हेही आपल्याकडचं एक मोठं क्रियापद आहे, पण त्याच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

तर आता भाषेकडे येतो. एखादा नियम किंवा दंड आधी होता, मग उठवला, आणि आता परत आणला, या एवढ्या मोठ्या गोष्टीला इंग्रजीत एकच नेमकं क्रियापद आहे, 'रीइम्पोज'. ('रीइन्स्टेट' हा त्याचाच जरा इस्त्रीच्या कपड्यातला भाऊ. माणसाला नोकरीवर परत घेतात तेव्हाही तोच शब्द येतो, त्यामुळे कानाला बरा लागतो.) मराठीत असा एकच शब्द नाही. गंमत म्हणजे लावण्यासाठी आपल्याकडे शब्दांची रेलचेल आहे. दंड ठोठावतात, कर बसवतात, बंदी घालतात, शिक्षा फर्मावतात, संचारबंदी जारी करतात, निर्बंध लादतात. काढण्यासाठीही शब्द कमी नाहीत. बंदी उठवतात, कर रद्द करतात, दंड माफ करतात, निर्बंध शिथिल करतात, आदेश मागे घेतात. पण काढलेलं फिरून लावायचं म्हटलं की सगळ्यांना मिळून एकच ठिगळ, 'पुन्हा'. बोलताना 'परत'.

आणि 'परत' म्हणजे तर कहरच. "बंदी परत घेतली" म्हणजे उठवली. "बंदी परत घातली" म्हणजे बरोब्बर उलट. फरक एका अक्षराचा. यात मी एकदा तोंडावर आपटलोय. माझा आतेभाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणतो, निफाड तालुक्यात कांदा करतो. ८ डिसेंबर २०२३ ला त्याचा फोन आला. रेंज यथातथा. तो म्हणाला, "अरे, परत घातली." मी ऐकलं 'परत घेतली'. म्हटलं, "वा अण्णा, सुटलात मग!" पलीकडे दोन सेकंद शांतता. मग तो म्हणाला, "सुटलो नाही रे बाबा, अडकलो. निर्यात बंद केली आजपासून."

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं की बातमीत 'निर्यातबंदी पुन्हा लागू' असं होतं, ते वाचून तरी मला कळायला हवं होतं. त्यावर अण्णा जे बोलला ते त्या वेळी मी नुसतं ऐकून घेतलं होतं, काल मात्र नीट आठवलं. "पुन्हा कसली? गेल्या खेपेला माझा कांदा चाळीत होता. आत्ता रानात आहे."

त्याचा अर्थ सांगतो, पण त्याआधी थोडं आमच्या धंद्यातलं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले कोडमध्ये केलेला प्रत्येक बदल गिट नावाच्या वहीत नोंदवतो. त्या नोंदीला कमिट म्हणतात. एखादा बदल चुकला, मागे घ्यायचा, तर 'रिव्हर्ट' करतात. आता बाहेरच्या माणसाला वाटेल की रिव्हर्ट म्हणजे जुनं पान फाडून टाकायचं आणि जणू काही झालंच नाही असं पुढे जायचं. तसं नसतं. रिव्हर्ट ही स्वतःच एक नवी नोंद असते. तिच्यावर करणाऱ्याचं नाव असतं, तारीख-वेळ असते, कारण लिहायला जागा असते. जुनी नोंद जिथल्या तिथे राहते. मग मागे घेतलेला बदल कोणाला फिरून आणायचा असेल तर रिव्हर्टचं रिव्हर्ट करावं लागतं. तीही आणखी एक नवी नोंद. पूर्वी अशा नोंदीवर आपोआप "रिव्हर्ट रिव्हर्ट अमुकतमुक" असा मथळा पडायचा आणि तीनचार वेळा उलटसुलट झालं की वाचणाऱ्याचं डोकं फिरायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या गिटच्या २.४३ आवृत्तीपासून तिथे 'रीअप्लाय' असा वेगळा शब्द येतो. म्हणजे गिट बनवणाऱ्यांनाही एक दिवस वाटलं की 'काढलेलं फिरून लावणं' याला स्वतःचं क्रियापद पाहिजे. अण्णाचा फोन त्यानंतर दोनतीन आठवड्यांतच आला, हा योगायोग.

पण गिटची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट दुसरीच. समजा मधल्या काळात कोणीतरी त्याच ओळींवर आपलं काही रचलं असेल, तर रिव्हर्ट सुखासुखी होत नाही. गिट थांबतं. सांगतं, इथे भांडण आहे, याला 'कॉन्फ्लिक्ट' म्हणतात, आधी ते माणसानं बसून सोडवा मग पुढे जाऊ. एका निर्जीव प्रोग्रामला एवढं कळतं की मधल्या काळात लोक हात बांधून बसलेले नसतात.

कायद्यालाही हे कळतं, बरं का. आपल्याकडे १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट आहे. त्याचं कलम ७ सांगतं की रद्द झालेला कायदा पुन्हा जिवंत करायचा असेल तर तसा हेतू स्पष्ट शब्दांत लिहिलाच पाहिजे. रद्द करणारा कायदा रद्द केला म्हणून पहिला कायदा आपोआप उठून बसत नाही. (इथे कायदा गिटच्याही पुढे आहे, गिटमध्ये तो उठून बसतो!) आणि शिक्षेच्या बाबतीत राज्यघटनेचं कलम २०(१) आहे. कृत्य केलं त्या वेळी जो कायदा चालू होता त्यानुसार जेवढी शिक्षा होऊ शकली असती त्यापेक्षा जास्त देता येत नाही. म्हणजे शिक्षा उद्या परत आणली तरी ती मधल्या मोकळ्या काळातल्या माणसाला गाठू शकत नाही.

थोडक्यात, विचार करून बनवलेल्या गोष्टींनी 'पुन्हा' या शब्दावर भरवसा ठेवलेला नाही. आपण बोलता-लिहिताना मात्र बिनधास्त ठेवतो. माझं म्हणणं असं की "पुन्हा लागू झाला" या तीन शब्दांत तीन गोष्टी गुपचूप गिळल्या जातात. कोणी केलं ते, काय बदललं ते, आणि मधल्या काळात ज्यांनी भरवसा ठेवला ती माणसं.

पहिली गोष्ट, कर्ता. 'झाला' म्हटलं की कर्ता गेला. पाऊस झाला, उशीर झाला, नियम लागू झाला. सरकारी मराठीत तर "लागू करण्यात येत आहे" असं म्हणतात, त्यात कोणीतरी काहीतरी करतंय एवढं कळतं, पण कोण ते नाही. उलट ज्याच्यावर वेळ येते तो 'लादला' म्हणतो. लादणं म्हणजे बैलाच्या पाठीवर ओझं टाकणं. त्यात टाकणाराही दिसतो आणि पाठही दिसते. एकच निर्णय, मंत्रालयात 'लागू होतो' आणि लासलगावच्या बाजारात 'लादला जातो'. (लागू तर औषधही पडतं. पण ते आपण होऊन घेतलेलं असतं.)

कर्ता लपवण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण मात्र संयुक्त राष्ट्रांत सापडतं, म्हणून जरा तिकडे जाऊन येऊ. इराणच्या अणुकार्यक्रमावर २०१५ मध्ये करार झाला, २० जुलै २०१५ ला सुरक्षा परिषदेनं २२३१ क्रमांकाचा ठराव केला आणि इराणवरचे जुने निर्बंध उठवायचं ठरलं. त्या ठरावात एक कळ बसवलेली होती, तिला 'स्नॅपबॅक' म्हणतात. करारातल्या एखाद्या देशानं "इराण अटी पाळत नाही" अशी तक्रार केली की ३० दिवस मोजायचे. तेवढ्यात "निर्बंध उठवलेलेच राहू द्या" असा नवा ठराव झाला नाही, तर जुने निर्बंध आपोआप परत. म्हणजे परत आणायला मतदान नको, परत येऊ नयेत म्हणून मतदान हवं. कोणाचा नकाराधिकार त्यांना अडवू शकत नाही. चतुराई म्हणून मानलं! पण त्याचा परिणाम बघा. २०२० मध्ये अमेरिकेनं ही कळ दाबली आणि त्या सप्टेंबरात "निर्बंध परत आले" असं जाहीर केलं. परिषदेतल्या बहुतेक सदस्यांचं म्हणणं पडलं की २०१८ मध्ये तुम्ही करारातून बाहेर पडलात, आता कळ दाबायचा हक्क तुम्हाला नाही, काही परत आलेलं नाही. मग २८ ऑगस्ट २०२५ ला ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीनं ती दाबली. १९ सप्टेंबरला निर्बंध उठवलेले ठेवण्याचा ठराव पुरेशी मतं न मिळाल्यानं पडला आणि २७-२८ सप्टेंबरच्या रात्री निर्बंध परत आले. म्हणजे, या तिघांच्या मते आले. इराण, रशिया आणि चीनच्या मते ती कळ दाबणंच बेकायदा होतं. आता बातमी लिहिणाऱ्यानं 'पुन्हा लागू झाले' लिहावं की 'पुन्हा लागू केल्याचा दावा' लिहावं? क्रियापद निवडलं की बाजू निवडली. कर्ता लिहिला असता, "या तीन देशांनी कळ दाबली", तर निदान वाचणाऱ्याला भांडण कुठे आहे ते तरी दिसलं असतं.

दुसरी गोष्ट, काय बदललं. 'पुन्हा' म्हटलं की वाटतं जुनंच आलं. बहुतेक वेळा नसतं. आपल्याकडच्या डान्सबारचं बघा. २००५ मध्ये महाराष्ट्रात बंदीचा कायदा झाला. त्यात तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती. २००६ मध्ये उच्च न्यायालयानं तो कायदा रद्द ठरवला, जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच कायम केलं. तीन तारांकितात चालतं आणि साध्या बारमध्ये नाही, हा भेदभावाचा मुद्दा त्यात होता. मग २०१४ च्या जूनमध्ये विधिमंडळानं दुरुस्ती करून 'पुन्हा बंदी' आणली. पण ती पुन्हा नव्हतीच. मोठ्या हॉटेलांची सूट काढून ती सरसकट केलेली होती, जुनीपेक्षा मोठी बंदी होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली, २०१६ मध्ये सरकारनं आणखी वेगळा कायदा केला, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यातल्याही काही अटी न्यायालयानं उडवल्या. बंदी असावी की नसावी यावर तुमचं-माझं मत काहीही असो. पण तीन वेगळे मजकूर आणि तीन वेगळे वाद 'पुन्हा' या एका शब्दाखाली झाकले की चर्चा कशावर चाललीय तेच कळत नाही.

तसंच शेअरबाजाराचं. २००४ च्या ऑक्टोबरपासून शेअर वर्षभर ठेवून विकले तर नफ्यावर कर नाही असं ठरलं आणि त्याच्या बदल्यात प्रत्येक व्यवहारावर एसटीटी नावाचा छोटा कर बसला. १ फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पात नफ्यावरचा कर परत आणला, एक लाखाच्या वर १० टक्के. (२०२४ मध्ये तो सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के झाला.) एसटीटी मात्र होता तिथेच राहिला. अदलाबदलीतला एकच हात मागे आला. आमच्या भाषेत याला अर्धवट रिव्हर्ट म्हणतात आणि असं केलं तर रिव्ह्यूला बसणारा माणूस झापतो.

पण याच करात एक गोष्ट फार चांगली केली होती आणि तिथून मी तिसऱ्या, सगळ्यात महत्त्वाच्या मुद्द्यावर येतो. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत जो नफा कागदावर झालेला होता त्याला हात लावला नाही. त्या दिवसाचा भाव धरा, त्याच्या पुढच्या वाढीवरच कर. म्हणजे सरकारनं मान्य केलं की बाबा, मधली चौदा वर्षं होती. तुम्ही आमच्या शब्दावर विसंबून पैसे गुंतवलेत. तो काळ आम्ही पुसत नाही. कॉन्फ्लिक्ट आला आणि तो सोडवला गेला.

आता अण्णाकडे या. कांद्याची निर्यात सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झाली, मार्च २०२० मध्ये खुली झाली. १४ सप्टेंबर २०२० ला बंद, १ जानेवारी २०२१ ला खुली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला किमान ८०० डॉलर भावाची अट, आणि ८ डिसेंबरपासून थेट बंदी, सुरुवातीला ३१ मार्च २०२४ पर्यंत. ती पुढे वाढली आणि ४ मे २०२४ ला उठली, ४० टक्के शुल्क आणि किमान भावाची अट मागे ठेवून. ते शुल्क पुढे २० टक्के झालं आणि १ एप्रिल २०२५ पासून गेलं. एका पिकाच्या वहीत सहा वर्षांत एवढे रिव्हर्ट आणि रीअप्लाय!

शहरात कांदा महागला की सरकारला काहीतरी करावं लागतं, हे मलाही कळतं. मी शहरातच राहतो, कांदा विकतच घेतो. पण 'गेल्या खेपेला चाळीत, आत्ता रानात' याचा अर्थ असा. सप्टेंबरात शेतकऱ्याकडे असतो तो उन्हाळ कांदा. तो टिकतो, चाळीत साठवता येतो, महिनाभर दम धरता येतो. डिसेंबरात निघतो तो लाल कांदा. त्याला साठवण मानवत नाही, काढला की विकावाच लागतो. म्हणजे कागदावर तीच बंदी, पण २०२० मध्ये तिनं अण्णाला थांबायला लावलं आणि २०२३ मध्ये थांबायचीही सोय ठेवली नाही. शिवाय मधली तीन वर्षं निर्यात खुली होती, त्या हिशेबानं त्यानं लागवड ठरवलेली. डिसेंबरच्या त्या अधिसूचनेत मधल्या काळाचा विचार अजिबात नव्हता असं नाही. ज्या मालाचं जहाजावर चढवणं सुरू झालं होतं, जो आधीच कस्टम्सच्या ताब्यात गेला होता, त्याला जाऊ देण्याची सवलत होती. बंदरावर पोचलेल्या पेटीचा मधला काळ सरकारनं ओळखला. रानातल्या कांद्याचा नाही. त्याच्यासाठी फक्त 'पुन्हा'.

आता कोणी म्हणेल, अहो, काही वेळा घाई असते. प्रत्येकाला विचारत बसलात तर काम कधी होणार? बरोबर आहे. करोनात हे आपण पाहिलं. जून २०२० मध्ये राज्य सरकारनं टाळेबंदी सैल करताना त्याला 'पुनश्च हरिओम' म्हटलं. (लोकमान्य टिळकांनी १८९९ मध्ये तुरुंगातून आल्यावर केसरीत याच नावाचा अग्रलेख लिहिला होता, तिथून हा शब्द आपल्या बोलण्यात आहे.) फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत आणि एप्रिलमध्ये राज्यभर निर्बंध परत आणावे लागले. थांबायला वेळ नव्हताच. पण तेव्हा सरकारनं उलटी गंमत केली. 'पुन्हा टाळेबंदी' म्हणायचं टाळलं, 'ब्रेक द चेन' असं नवंच नाव दिलं. म्हणजे कधी नव्या गोष्टीला 'पुन्हा' म्हणून जुनं भासवायचं, तर कधी परत आलेल्याला नवं नाव देऊन 'पुन्हा' लपवायचं. दोन्हीकडे ऐकणाऱ्याची फसगत तीच.

आणि मी 'पुन्हा' या शब्दाच्या विरोधात नाही. उलट तो आठवण ठेवतो. "हे पहिल्यांदा नाही, मागे केलं होतं, तेव्हा काय झालं ते आठवा" हे सांगणारा तो एकच शब्द आहे. माझी तक्रार एवढीच, की त्याला एकट्याला पाठवू नका. सोबत कर्ता पाठवा, म्हणजे 'झाला' नाही, 'केला', आणि कोणी ते. सोबत फरक पाठवा, जुन्यात आणि या वेळच्यात काय वेगळं ते. आणि सोबत मधल्या माणसांसाठी निदान एक ओळ पाठवा. घाई असेल तर उपाय दोन दिवसांनी करा, पण ओळ आजच लिहा. कमिटची नोंद लिहायला आम्हाला दोन मिनिटं लागतात. अधिसूचना लिहिणाऱ्याला पाच लागतील.

असो. दुसऱ्याला शिकवून झालं, आता स्वतःचं. काल दुपारी मी माझाच शुक्रवारचा निरोप पुन्हा वाचला (इथे 'पुन्हा' योग्य आहे) आणि लाज वाटली. 'जुना नियम' असं मी लिहिलं होतं. जुना नियम कुठला? २०२० च्या आधी पाच दिवस यायचो, आता चार. तेव्हा टीममधले सगळे पुण्यात राहायचे, आता तिघं बाहेरगावी आहेत आणि त्यांना तसं सांगूनच घेतलेलं आहे. आणि 'झाला' काय झाला? एका खोलीत काही माणसांनी बसून ठरवला. मी त्या खोलीत नव्हतो, पण निरोप माझ्या नावानं गेला आणि नाव लपवायची सवय माझीही निघाली. वर 'कृपया नोंद घ्यावी'. नोंद मी घ्यायला हवी होती.

तर तो निरोप खोडला नाही, खाली नवा लिहिला. "व्यवस्थापनानं ठरवलंय की एक तारखेपासून आठवड्यातले चार दिवस हापिसात यायचं. २०२० च्या आधी पाच होते. त्यानंतर ज्यांना घरून काम म्हणून घेतलं, त्यांच्यासाठी हा नियम नवा आहे, जुना नाही. त्या तिघांना यातून वगळावं किंवा निदान सहा महिने द्यावेत, असं मी सोमवारी लेखी विचारणार आहे. उत्तर काय येईल सांगता येत नाही. आलं की इथेच कळवतो."

साताऱ्याच्या पोरानं त्यावर नुसता एक अंगठा टाकला. लगेच हुरळून जाण्यासारखं काही नाही, अंगठा म्हणजे 'वाचलं' एवढंच. त्याच्या आईला पुण्यात आणायचं, की त्यानं सातारा-पुणे करायचं, की नोकरी बदलायची, हा प्रश्न माझ्या व्याकरणानं सुटलेला नाही. पण निदान तो प्रश्न आहे, हे आता ग्रुपवर लिहिलेलं आहे.

अण्णाला सकाळी फोन करून हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "शब्द कुठलाही वापरा रे, आधी कळवा म्हणजे झालं. लावायच्या आधी कळलं असतं तर निम्म्या रानात गहू टाकला असता."

तुमच्याकडे या क्रियेला एखादा चांगला, एकच, रोजच्या वापरातला शब्द असेल तर जरूर सांगा. वऱ्हाडात, कोकणात, बेळगावकडे काहीतरी असणारच. तोवर मी 'पुन्हा' लिहिताना दोन सेकंद थांबणार आहे. कुंड्या मात्र तशाच राहिल्या.